ग्रोआ विसरली नव्हती

जयवंत परब बोटीवरून कायमचा घरी आला आणि रत्नप्रभाचं लिहिणं अडलं. त्याआधी ते बरं चाललं होतं. नवरा नऊ-नऊ महिने समुद्रावर असला की बायकोला एकटेपणा खातो, असं सगळे धरून चालतात. तिलाही पहिली काही वर्षं त्यानं खाल्लं. मग त्याची सवय झाली, आणि सवय होता होता कधीतरी तो एकटेपणा तिच्या मालकीचा झाला. आता साठी उलटल्यावर तो तिला न विचारता काढून घेतला होता, आणि त्याबद्दल लोक तिचं अभिनंदन करत होते.

"सुटलीस बाई," शेजारची दर्शना म्हणाली. "आता दोघं मस्त फिरा."

मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जाळी लावून बंद केलेली गॅलरी. गॅलरीत शिवणाचं मशीन होतं. त्याचं डोकं आत वळवून फळी सपाट केली की त्यावर मुलीचा, श्रुतिकाचा, जुना लॅपटॉप मावायचा. श्रुतिका लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून ही जागा रत्नप्रभाची. तिथं बसून ती एका लघुकादंबरीचं शेवटचं प्रकरण लिहीत होती. म्हणजे लिहायला बसत होती.

"रत्ना, जिऱ्याचो डबो खंय गो?"

"गॅसच्या वर."

"गॅसच्या वर दोन डबे आसत."

"ज्याच्यात जिरं आहे तो."

"उघडून बघूचा लागतला मगे." झाकणं वाजली. "दोन्ही उघडलंय. एकात ओवो आसा. ह्येंच्यार नावां कित्या नाय लिवलंस? आमच्या बोटीर प्रत्येक डब्यार लेबल."

जयवंत बोटीवर बोसन होता. डेकवरच्या माणसांना कामाला लावणं, दोर, साखळ्या, रंग, गंज, सगळं त्याच्याकडे. घरी आल्यावर त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं, म्हणून त्यानं स्वयंपाकघर घेतलं. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, मारझोड नाही, पगार वेळेवर. त्याच्याबद्दल तक्रार करायला गेलं की रत्नप्रभाला स्वतःचीच लाज वाटायची, आणि मग त्या लाजेचाही राग यायचा.

ती लालबागची. बाप गिरणीत होता. संपानंतर बिऱ्हाड भांडुपला आलं आणि बारावी झालेली रत्नप्रभा तिथल्या एका रंगाच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून चिकटली. तीसेक वर्षं तिनं कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन जोडून दिले. कुणाला मुलगा झाला, कुणाची आई गेली, कुणाची बदली झाली, हे त्या त्या माणसाच्या आधी तिच्या कानावरून जायचं. ऐकलेलं तोंडातून काढायचं नाही, आणि फोन एक क्षणही अडवायचा नाही, हे तिचे दोन नियम. बातमी ज्याची आहे त्याला ती लगेच मिळाली पाहिजे, यावर तिचा देवावर नसेल इतका विश्वास होता.

लग्नानंतर काही वर्षांनी जयवंतनं नॉर्वेच्या कुठल्याशा बंदरातून एक इंग्रजी पुस्तक आणलं. खलाशांच्या क्लबात कुणीतरी टाकून दिलेलं, लहान मुलांसाठी तिकडच्या देवांच्या गोष्टी. श्रुतिकानं त्यातली चित्रं बघितली आणि ते पलंगाखाली गेलं. रत्नप्रभानं ते डिक्शनरी घेऊन वाचलं. एका डोळ्याचा देव, हातोडा फेकणारा देव, घोडी होऊन व्यायलेला देव. सगळीकडे देवच देव, भांडणं, मेजवान्या. आणि मध्येच, दीड पानात, ग्रोआ.

गोष्ट एवढीशीच. हातोडेवाला थॉर एका राक्षसाशी लढतो. राक्षसानं फेकलेला निसणा, धार लावायचा दगड, फुटतो आणि त्याचा तुकडा थॉरच्या डोक्यात रुततो. काही केल्या निघत नाही. तेव्हा मंत्र जाणणाऱ्या ग्रोआला बोलावतात. ग्रोआचा नवरा ऑरवान्दिल उत्तरेला गेलेला, बरीच वर्षं बेपत्ता. ती मंत्र म्हणू लागते आणि दगड हलायला लागतो, सैल होतो. थॉरला इतकं बरं वाटतं की त्याला तिला काहीतरी द्यावंसं वाटतं. तो सांगतो, तुझा नवरा जिवंत आहे बरं का. मीच त्याला टोपलीत घालून, पाठीवर घेऊन बर्फाच्या नद्या ओलांडल्या. टोपलीतून त्याच्या पायाचा अंगठा बाहेर राहिला, तो गोठला, म्हणून मी तो मोडून आकाशात फेकला. तो बघ तारा. येईलच आता तो घरी. हे ऐकून ग्रोआला इतका आनंद होतो की ती पुढचा मंत्र विसरते. दगड थॉरच्या डोक्यात तसाच राहतो. संपलं. पुढच्या पानावर पुन्हा मेजवानी.

रत्नप्रभानं ते दीड पान कितीदा वाचलं असेल. दर वेळी ती त्याच एका वाक्याला अडायची. आनंद झाला म्हणून विसरली. कुणी सांगितलं? तिला विचारलं कुणी? थॉरनं नवऱ्याला पाठीवरून आणलं ते मंत्र सुरू व्हायच्या आधीच ना? म्हणजे तिला बोलावणं धाडलं तेव्हाच त्याला ठाऊक होतं. तिच्यासमोर बसला, डोकं पुढं धरलं, तिच्याकडून उपचार करून घेतला, आणि सगळा वेळ तिची बातमी खिशात ठेवून. बरं वाटल्यावर बक्षीस म्हणून काढली. वेटरला टीप द्यावी तशी.

पण हा राग पुस्तकातून आलेला नव्हता. तो आला शकुच्या फोनवरून.

एडनच्या आखातात चाचे बोटी धरत होते, ते वर्ष. जयवंतची बोट त्याच वाटेनं येणार होती. कंपनीनं फोन बंद केले होते, महिनाभर आवाज नाही. रत्नप्रभा कामावर इतरांचे फोन जोडायची आणि घरी आल्यावर टीव्हीसमोर बसायची. कुठल्या तरी दुसऱ्याच बोटीवरच्या माणसांच्या बायका तिथं रडत असायच्या. मग सोमवारी कंपनीकडून निरोप आला, सगळे सुखरूप, गुरुवारी घरी पोचतो असं जयवंतनं कळवलंय. आणि मंगळवारी गावाहून शकुचा फोन आला. शकु म्हणजे जयवंतची चुलत वहिनी.

"चाकलेटां बरी होती गो," शकु म्हणाली. "पण इतकी कित्या धाडलंस? पोरांचे दात किडतीत."

"कुठली चॉकलेटं?"

"भावोजींनी हाडली ती." मग शकुचा आवाज पडला. "तुका ठावक नाय?"

जयवंत आधीच्या शनिवारीच सहारला उतरला होता. विमानतळापासून मुलुंड रिक्षानं अर्ध्या-पाऊण तासावर. तो तिथून परस्पर गावाला गेला. त्याच्या आईचा नियम होता: बोटीवरून सुखरूप आलेल्या माणसानं आधी ग्रामदेवतेला तोंड दाखवायचं, गाऱ्हाणं घालायचं, नारळ फोडायचा, मग बायकोला. आणि नारळ फुटेपर्यंत बायकोला सांगायचं नाही, नाहीतर केलेलं वाया जातं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या वाडीतल्या पोरांना ठाऊक होतं. मुलुंडमध्ये एक बाई तेवढी टीव्हीसमोर बसली होती.

गुरुवारी तो दारात आला. हातात बॅग, जसा काही आत्ताच उतरलाय. तिनं विचारलं तेव्हा तो गोंधळला, मग म्हणाला, "आयेचो नियम गो. देवाच्या कामात राग नाय धरूचो." तो विषय तिथंच संपला. त्याच्यापुरता.

ही कादंबरी ती तेव्हापासून लिहीत होती, असं म्हणता येईल. प्रत्यक्ष कागदावर यायला पुष्कळ वर्षं गेली. मुलुंडमध्येच राहणारे देवव्रत आगाशे बँकेतून निवृत्त होऊन एक दिवाळी अंक काढायचे. तिच्या दोन छोट्या कथा त्यांनी आधी छापल्या होत्या. या वर्षी ते म्हणाले, "ताई, लघुकादंबरी द्या. तीसेक पानं. गणपतीच्या आत हातात पाहिजे."

तिनं ग्रोआ दिली. उत्तरेकडचं तिनं काही पाहिलं नव्हतं, म्हणून बर्फ तिनं जयवंतच्या बोलण्यातून घेतला आणि बाकी सगळं स्वतःचं घातलं. ग्रोआचा मंत्र तिनं मालवणी गाऱ्हाण्याच्या, देवापुढं एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा त्या, चालीत लिहिला. दुसऱ्या कुठल्या भाषेत मंत्र म्हणायचा असतो हे तिच्या कानाला माहीतच नव्हतं. आणि शेवटचं प्रकरण, ज्यासाठी बाकीचं सगळं लिहिलं ते, घरात लिहून होईना म्हणून संभाजी पार्कातल्या बाकावर, वहीत लिहिलं आणि मग लॅपटॉपवर उतरवलं. त्यात शेजारीण ग्रोआच्या दारात खारवलेला मासा घेऊन येते आणि सहज म्हणते, तुझ्या नवऱ्यानं वाटला, बरा आहे. मग ग्रोआ दगड सैल करत असताना थॉर बक्षीस म्हणून बातमी काढतो, आणि तेव्हा तिला त्या माशाचा अर्थ लागतो, की नवरा केव्हाच नदीच्या अलीकडे आलाय आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती थांबते. मंत्र अर्ध्यावर सोडते. देव म्हणतात, विसरली बिचारी, आनंदानं. ती त्यांना काही सांगत नाही. कादंबरीचं शेवटचं वाक्य होतं: मरेपर्यंत ग्रोआला त्यातला शब्द न् शब्द पाठ होता.

हे एक वाक्य छापून यावं. बाकी कादंबरी नाही आली तरी चालेल, असं तिला खरोखर वाटत होतं.

अंक दसऱ्यानंतर हातात आला. कुरियरवाल्यानं दिला तो जयवंतनं घेतला, पाकीट कात्रीनं नीट कापलं आणि आनंदानं ओरडला, "रत्ना! तुझा नाव इला हा!"

नाव आलं होतं. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत: थॉरच्या डोक्यातला दगड.

"माझं शीर्षक ग्रोआ होतं," ती म्हणाली.

"ह्या बरा वाटता. थॉर म्हणजे तो सिनेमातलो ना? श्रुतिकाचो पोर बघता तो."

चित्र होतं पानभर. डोक्याला हात लावून बसलेला दाढीवाला पैलवान, आणि त्याच्यासमोर नऊवारीतली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेली बाई. अंगावर शाल. थंडी दाखवायला असणार. रत्नप्रभाला हसू आलं. त्या वेळी आलं. मग तिनं शेवटचं पान काढलं.

शेजारीण नव्हती. मासा नव्हता. शेवटच्या प्रकरणातलं दीड पान गेलं होतं आणि त्या जागी लिहिलं होतं: ग्रोआच्या डोळ्यांतून आनंदाश्रू वाहू लागले. इतक्या वर्षांची तपश्चर्या फळाला आली होती. त्या आनंदाच्या भरात ती मंत्र विसरली, आणि दूरवर नदीकाठी एक ओळखीची आकृती दिसू लागली. त्याच्याखाली एका बिल्डरची जाहिरात: या दिवाळीत आपल्या माणसांसाठी, आपलं घर.

तिनं तिथल्या तिथे आगाशेंना फोन लावला.

"अहो ताई, जाहिरात आयत्या वेळी आली," आगाशे म्हणाले. आवाजात काडीचाही अपराधीपणा नाही. "जाहिराती नसतील तर अंकच निघत नाही, तुम्ही जाणता. दीड पान काढणं भाग होतं. आणि खरं सांगू का, तो शेवट दिवाळीत कुणी वाचला नसता. फार कडू होता हो. मी तुम्हाला मूळ कथेकडेच परत नेलंय. मुळात ती आनंदानंच विसरते ना? मी बघितलं इंटरनेटवर."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं की! जयवंतरावांशी बोललो मी. ते म्हणाले, करा खुशाल."

रत्नप्रभानं फोन ठेवला. जयवंत दारात उभा होता. त्याला ऐकू गेलं होतं.

"तू न्हात होतंस," तो म्हणाला. "त्येंचो माणूस छपाईक थांबलेलो. म्हणाले दोन-चार ओळी हयल्या थंय करतंव. मी म्हटलंय, करा."

"माझा फोन तू का घेतलास?"

"वाजत होतो."

"वाजू द्यायचा! मी बाहेर येऊन केला असता. दहा मिनिटांत काय छपाई बुडत होती?"

"आता माका काय ठावक त्यात काय होता ता. मी कधी वाचलंय?"

"तेच. वाचलं नाहीस आणि हो म्हणालास."

"चांगल्याकच म्हटलंय ना? तुझा छापून येवचा म्हणान." त्याचा चेहरा खरंच दुखावलेला होता, आणि तेच तिला सहन होईना. ती स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. संध्याकाळी श्रुतिकाचा फोन आला.

"आई, स्टेटसला टाकलंय मी! झकास दिसतंय. पण ती नऊवारी काय यार!"

"शेवट वाचलास?"

"अजून नाही गं, वीकेंडला वाचते. का?"

"काही नाही. वाच."

"आई, आवाज असा काय? बाबांनी काही केलं का?"

"तुझे बाबा कधी काही करतात का," रत्नप्रभा म्हणाली, आणि श्रुतिका हसली, कारण तिला तो विनोद वाटला.

अंकाचं प्रकाशन त्या रविवारी सकाळी होतं, मुलुंडमधल्याच एका हॉलमध्ये. चहा, बटाटावडा, पेढा, मग भाषणं. लेखकांनी पाच-पाच मिनिटं वाचायचं. जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण जयवंतनं तिची साडी इस्त्री करून ठेवली होती आणि गावाकडच्या मंडळातल्या लोकांना फोनही केले होते. नाही गेली तर तो दिवसभर कुणाकुणाला समजावत बसणार आणि त्यातलं प्रत्येक वाक्य तिला ऐकावं लागणार. ती गेली.

सूत्रसंचालन रेवती नावाची मुलगी करत होती. तिनं ओळख करून दिली, "खलाशाच्या पत्नी, एक गृहिणी, आणि तरीही लेखिका." पुढच्या दोन रांगांत आगाशेंचे बँकेतले लोक बसले होते, मागे परबांचे गाववाले. वडा खाऊन झालेला असल्यामुळे सगळे प्रसन्न होते.

रत्नप्रभानं अंक उघडला आणि मंत्रापासून वाचायला सुरुवात केली.

"बा उत्तरेच्या वाऱ्या, म्हाराजा..."

मागच्या रांगेतून कुणीतरी, अगदी सवयीनं, "व्हय म्हाराजा" म्हणालं. लोक हसले. हसणारा पहिला तो माणूस स्वतःच होता.

"बर्फाच्या सात नद्यांच्या राखणदारा, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" या वेळी पाच-सहाजण.

"ह्यो दगड जंयसून इलो, थंय त्येका वाट दाखय, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

मागच्या अख्ख्या दोन रांगा आता म्हणत होत्या. पुढच्या रांगेतले बँकवाले मान वळवून बघायला लागले, मग त्यांच्यातलाही एक म्हणू लागला. तिनं अंकाकडे बघणं सोडून दिलं होतं. शब्द येत होते, आणि प्रत्येक ओळीनंतर ती हाक परत येत होती, थोडी आणखी जड होऊन. मांस सुटूं दे. हाड सुटूं दे. दगडाचो राग दगडाक जावंदे. अशा आवाजात तिचं लिहिलेलं कधी कुणी ऐकलं नव्हतं. तिला स्वतःलाही नाही.

मग थॉर आला. बरं वाटलेला, खूष, बक्षीस द्यायला निघालेला. तिनं टोपली वाचली, अंगठा वाचला, तारा वाचला. मग पान उलटलं, आणि समोर ते होतं. आनंदाश्रू.

ती थांबली.

पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. वाचताना माणूस श्वास घेतो. मग मागून कुणीतरी मदत म्हणून हळूच "व्हय म्हाराजा" म्हटलं. ती गप्प. पंखे ऐकू यायला लागले. आगाशेंनी खुर्चीत पाय बदलला.

आपला शेवट तिला पाठ होता. तो म्हणून टाकता आला असता. म्हणावा असं मनात आलंसुद्धा. पण समोरचे चेहरे बघून तिला कळलं की आता तो म्हटला तर तो या सकाळचा एक गमतीदार प्रसंग होईल, फोनमध्ये रेकॉर्ड होईल, आगाशे हसत हसत माइकवर येऊन 'लेखिकेचा रुसवा' वगैरे म्हणतील. आणि छापलेला वाचायचा तर ते तिच्या तोंडून निघणार नव्हतं. म्हणून ती नुसती उभी राहिली, हातात अंक, तोंड बंद.

"गाऱ्हाणा अर्धा ठेवचा नसता गो, बाय," मागच्या रांगेतून धाकू म्हणाला. धाकू गावचा, ऐंशीच्या घरातला, गावी खरी गाऱ्हाणी घालणारा. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, काळजी होती. "पुरा कर. अर्धा वायट."

तिनं त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

रेवती घाईनं पुढे आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून माइकमध्ये म्हणाली, "ताई भारावून गेल्या आहेत! इतकं प्रेम बघून शब्द विसरल्या! जोरदार टाळ्या होऊ द्या!"

टाळ्या झाल्या. जोरदार झाल्या. बायकांनी डोळे पुसले. जयवंत टाळ्या वाजवत नव्हता, एवढं तिनं व्यासपीठावरून बघितलं.

घरी आल्यावर तो चप्पल काढताना म्हणाला, "तू विसारलंस नाय."

"नाही."

"तुका श्रुतिकाच्या शाळेतलो फोन नंबर अजून पाठ आसा. तू कसा विसारतलंस?"

"तेच सांगतेय ना."

"मगे पुरा कित्या नाय केलंस? धाकूमामा वाईट वाटून घेवन गेलो."

"पुढे जे छापलंय ते माझं नाही, जयवंत." नाव घेतलं की तो नीट ऐकायचा, ती ते क्वचित घ्यायची. "तू ज्याला हो म्हणालास ते आहे ते. माझं लॅपटॉपमध्ये आहे. तुला मी सांगणार नाही, समजावणार नाही. वाचायचं तर वाच."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. मग चष्मा शोधला, गॅलरीत गेला आणि शिवणाच्या मशीनसमोर, तिच्या स्टुलावर, अंग चोरून बसला. ती स्वयंपाकघरात कुळथाची पिठी ढवळू लागली. तिथून त्याची पाठ दिसत होती. तो ओठ हलवत, बोट लावून वाचत होता, पडद्यावर बोटाचे ठसे उमटवत. तिचा जीव वर-खाली होत होता, आणि या वयात, या माणसापायी तो तसा होतोय याचाही तिला वैताग येत होता. कादंबरी एवढ्या लोकांच्या हातात गेली. आगाशे सोडले तर तिचा शेवट वाचणारा पहिला माणूस हा.

बराच वेळ गेला. मग त्याचं बोट थांबलं.

"ही शकुच्या चाकलेटांची गोष्ट," तो म्हणाला.

"तिथं खारवलेला मासा आहे."

"ताच ता." तो पुन्हा वाचू लागला. पुन्हा थांबला. या वेळी स्टुलावरून अर्धा वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नवल होतं, खरंखुरं.

"पण त्या एकाच खेपेचा कित्या लिवलंस?"

पळी पातेल्यात थांबली.

"एकाच म्हणजे?"

आपण काय बोललो ते त्याला आत्ता कळत होतं.

"एकाच म्हणजे काय, जयवंत?"

"आये होती तवसर..." तो म्हणाला. "नियमच होतो ना तो. दर खेपेक. माका वाटला तुका ठावक आसा. चार-पाच दिस, जास्ती नाय."

दर खेपेला. म्हणजे श्रुतिकाला कावीळ झाली होती तेव्हाही. रत्नप्रभाचा स्वतःचा बाप गेला, त्याचे दिवस चालू होते तेव्हाही. दर वेळी तो दारात आला होता, हातात बॅग, आत्ताच उतरल्यासारखा, आणि ती धावली होती.

"आई गेल्या त्याला पंधरा वर्षं झाली," ती म्हणाली. "त्यानंतर?"

त्यानं चष्मा काढला आणि बनियनला पुसू लागला. काच स्वच्छच होती.

"मगे सवय पडली," तो म्हणाला.

पिठी तळाला लागल्याचा वास आला. तिनं गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि गॅलरीत आली.

"ऊठ."

"वाचून पुरा झाला नाय. थोडा उरला हा."

"वाचू नको. चुकलंय ते. ऊठ तिथून."

तो उठला. तिनं स्टूल पुढे ओढलं, त्याच्या बोटांचे ठसे पदरानं पुसले आणि शेवटचं प्रकरण वरपासून खालपर्यंत निवडलं. मासा, शेजारीण, नदी, ते शेवटचं वाक्यसुद्धा. एक बोट दाबलं आणि पडदा पांढरा झाला. जयवंत मागे उभाच होता. दोघांना पुरेल एवढी जागा त्या गॅलरीत नव्हती, पण तो जात नव्हता आणि ती जा म्हणत नव्हती. ग्रोआनं थॉरला एक प्रश्न विचारायला हवा होता, तो तिनं इतकी वर्षं विचारलाच नव्हता. तिनं तो लिहिला: ही टोपली तू किती वेळा आणलीस?